कोतातून शिकलेलं

पहाटे पाचला हिवरा आश्रमच्या रस्त्यावर भरतीची पोरं पळत असतात. मेहकरच्या बाजूला दोन-तीन किलोमीटर जाऊन परत येतात आणि दम खायला पुलाच्या कठड्यावर बसतात. मी फिरायला निघालेलो असतो. "फौजी काका, ग्लॉक भारी का आपलं ब्राऊनिंग?" हा प्रश्न आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी विचारतंच. सैन्यात चोवीस वर्षं मी आर्मरर होतो. शस्त्रं चालवण्यापेक्षा ती उघडण्यात, पुसण्यात, तपासण्यात आणि पुन्हा जोडण्यात माझी नोकरी गेली. या प्रश्नाला पुलावर उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे.

१. पिस्तुलाचं नाव विचारण्याआधी त्याचे सुटे भाग कुठे मिळतात ते विचारा.

एका ठिकाणी आमच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, सहा परदेशी पिस्तुलं होती. हातात घेतली की सोडावीशी वाटत नसत. त्यातल्या एकाच्या एक्सट्रॅक्टरचं टोक तुटलं. एक्सट्रॅक्टर म्हणजे रिकामी पुंगळी चेंबरमधून ओढून काढणारी बोटाच्या नखाएवढी आकडी. मागणी लिहून पाठवली, स्मरणपत्रं पाठवली. आकडी यायला अकरा महिने लागले. तोवर दुसऱ्या एका पिस्तुलाची स्प्रिंग गेली. मग ज्याची आकडी तुटली होती त्याची स्प्रिंग काढून याला घातली. सहातली पाच चालू राहिली आणि सहावं पेटीत पडून राहिलं. शेजारच्या रॅकवर इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेली जुनी ९ एमएम १ए पिस्तुलं होती. दिसायला जाडीभरडी, रंग उडालेली. पण त्यांच्या पिना, स्प्रिंगा, आकड्या माझ्या खणात कागदाच्या पुड्यांत नेहमी असत. सकाळी बिघडलेलं पिस्तूल दुपारी परत रॅकवर लागायचं. त्या वर्षापासून मी भरवशाचं पिस्तूल कोणतं हे खणाकडे बघून ठरवायला लागलो.

हे इशापूरचं पिस्तूल मूळ ब्राऊनिंग हाय-पॉवरच्या घराण्यातलं. जॉन ब्राऊनिंग १९२६ साली वारला. त्याचं अर्धवट राहिलेलं काम द्युदोने साइव्हने पुरं केलं आणि १९३५ मध्ये बेल्जियमच्या एफएन कारखान्याने ते बाजारात आणलं. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेला, तेव्हा कॅनडात टोरांटोच्या इंग्लिस कंपनीने हेच पिस्तूल दीड लाखाच्या आसपास बनवलं, आणि तीच वाट पुढे इशापूरपर्यंत आली. एफएनने जुन्या हाय-पॉवरचं उत्पादन २०१८ मध्ये थांबवलं. २०२२ मध्ये त्याच नावाचं नवं पिस्तूल काढलं, पण आतली रचना वेगळी. जुन्याचं मॅगझिन नव्याला चालत नाही. म्हणून भाग मागवताना नुसतं नाव लिहू नका. मॉडेल लिहा, नंबर लिहा, जमलं तर जुना भाग सोबत जोडा.

२. दहातली सात पिस्तुलं बिघडलेली नसतात, त्यांचं मॅगझिन बिघडलेलं असतं.

सात हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या वहीतला अंदाज आहे. फायरिंगच्या दिवशी एका साहेबांचं पिस्तूल तीन वेळा अडकलं. राउंड वर येताना नाक खाली करून चेंबरच्या तोंडाशी थांबायचा. साहेब चिडले, "ये हथियार बेकार है" म्हणाले आणि पिस्तूल माझ्याकडे आलं. मी नळी बघितली, आकडी बघितली, काही सापडेना. मग त्यांचं मॅगझिन दुसऱ्या पिस्तुलात घातलं, तेही अडकलं. दुसऱ्याचं मॅगझिन त्यांच्या पिस्तुलात घातलं, तर तेराच्या तेरा राउंड सुरळीत गेले. मॅगझिनचा वरचा ओठ केसभर वाकला होता. कधीतरी काँक्रीटवर पडलं असणार, आणि पडलेलं कुणी सांगितलं नसणार.

तेव्हापासून प्रत्येक मॅगझिनच्या बुडाला मी पांढऱ्या रंगाने नंबर घालायला लागलो. अडकलं की पिस्तुलाचा नंबर आणि मॅगझिनचा नंबर दोन्ही लिहायचे. महिनाभरात कळतं की सहा नंबरचं मॅगझिन ज्या पिस्तुलात जातं तिथे भांडण लावतं. वाकलेला ओठ पकडीने सरळ करून परत वाटायचा मोह होतो. सरावापुरतं एक वेळ ठीक, पण ज्याच्यावर कुणाचा जीव टांगलेला असतो त्या मॅगझिनला मी कधी पकड लावली नाही. रद्द केलं, नवं घेतलं.

३. स्प्रिंग बोलत नाही, पण थकते.

भरलेलं मॅगझिन महिनोन् महिने ठेवलं की स्प्रिंग मरते असं सगळे म्हणतात. चांगल्या पोलादाची स्प्रिंग दबून बसल्याने जेवढी थकते त्याहून जास्त वारंवार दबण्या-सुटण्याने थकते. म्हणून सरावाची मॅगझिनं आणि ड्यूटीची मॅगझिनं वेगळी ठेवा. रिकॉइल स्प्रिंग बदलायची ती तारीख बघून नव्हे, किती राउंड गेले ते बघून. पुंगळ्या नेहमीपेक्षा लांब पडायला लागल्या की समजावं, स्प्रिंग ढिली झाली.

४. तेल कमी, चिंदी जास्त.

आपल्याकडे वैशाखात काळ्या मातीची धूळ उडते ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लवकर समजेल. तेलावर धूळ बसली की दोघांची मिळून कानस होते आणि ती कानस प्रत्येक राउंडला लोखंड खाते. वाळवंटात तेच, बर्फात उलटं: तिथे जास्तीचं तेल घट्ट होऊन सगळं संथ चालतं. नवीन पोरगं प्रेमाने पिस्तूल तेलात बुडवून आणतं. मी ते त्याच्यासमोर फुलथ्रूने, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीने, आणि कोरड्या चिंदीने पुसून काढायचो आणि घासणाऱ्या जागी, स्लाइडच्या दोन्ही खाचांत, एकेक थेंब ठेवायचो. फायरिंग पिनच्या बिळात तेल नको. गोळीवर तर मुळीच नको. तेल मागच्या टोपीत मुरलं तर राउंड मुका निघतो. आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये शस्त्र साठवू नका. चामडं ओल धरतं. प्लॅस्टिकच्या बॉडीचं पिस्तूल गंजत नाही म्हणतात, पण त्याची स्लाइड आणि नळी पोलादाचीच असते, आणि घाम त्यांनाही ओळखतो.

५. उघडायची रीत ही त्या पिस्तुलाची पहिली ओळख.

ग्लॉकवाल्या पोरांसाठी हे सांगतो. ते पिस्तूल खरंच चांगलं आहे. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने घेतलं, आपल्या एनएसजी कमांडोंकडे आहे. जेमतेम चौतीस भाग, तेही बहुतेक न घासता-ठोकता बसणारे. भाग कमी म्हणजे खणातल्या पुड्याही कमी, आर्मररला याहून मोठं सुख नाही. पण ते उघडण्याआधी ट्रिगर दाबावा लागतो. आत राउंड राहिला असेल तर पुढे काय होईल ते वेगळं सांगायला नको. ब्राऊनिंगमध्ये स्लाइड मागे अडकवून स्लाइड स्टॉप काढायचा, ट्रिगरला हात लावायचं काम नाही. उलट तिथे मॅगझिन बाहेर असलं की ट्रिगर काम करत नाही, आणि नवीन माणूस "ट्रिगर खराब झाला" म्हणून घेऊन येतो. दोन्ही चांगली, दोन्हींच्या सवयी निराळ्या. एका पिस्तुलाची सवय दुसऱ्यावर चालवणारा माणूस मला सगळ्यात धोकादायक वाटतो.

नळी आधी डोळ्याने बघायची, मग करंगळीने चाचपायची. अंधारात डोळा फसतो, करंगळी फसत नाही. मी हे एकदा विसरलो होतो. राउंड आत नव्हता, तरी त्या रात्री झोप आली नाही.

६. चाचणीचा आकडा ऐकताना चाचणी कशी झाली ते विचारा.

मार्च १९११ मध्ये अमेरिकेत जॉन ब्राऊनिंगनेच घडवलेल्या कोल्ट पिस्तुलाची चाचणी झाली. एकाच पिस्तुलातून ६,००० राउंड मारले, तापलं की पाण्यात बुडवून गार केलं. ते एकदाही अडकलं नाही. स्पर्धेतलं सॅव्हेज पिस्तूल ३७ वेळा अडखळलं. हा किस्सा मी पोरांना आवडीने सांगतो. पण तो पाणी, तेल आणि कसबी कारागीर शेजारी असतानाचा आकडा आहे. चिखलातून रांगत गेलेल्या जवानाच्या कमरेचं पिस्तूल वेगळं असतं.

७. गोळीलाही दोष असतो.

घाटाखाली उतरून जळगाव जिल्ह्यात गेलं की वरणगाव लागतं, तिथे गोळ्यांचा सरकारी कारखाना आहे. पुण्याजवळ खडकीचा तर १८६९ पासूनचा. एवढ्या जवळ राहूनही पिस्तूल अडकलं की गोळीचा संशय सहसा कुणी घेत नाही. खोक्यावरचा लॉट नंबर लिहून ठेवा. ओल लागलेले, टोपी दबलेले, पितळ काळवंडलेले राउंड बाजूला काढा.

८. दुसरं शस्त्र जवळ असणं आणि दुसरा भाग जवळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी.

२०२१ च्या जुलैत टोकियो ऑलिंपिकमध्ये नेमबाज मनू भाकरच्या पिस्तुलाचा बिघाड सगळ्या देशाने पाहिला. एअर पिस्तूल म्हणजे काडतुसाचं शस्त्र नव्हे, पण आर्मररच्या नजरेला दुखणं एकच. ऐन पात्रता फेरीत कॉकिंगचा लिव्हर गेला. घड्याळ थांबत नाही. दुरुस्तीत वीसेक मिनिटं गेली. ५७५ गुण, बारावा क्रमांक, अंतिम फेरीची वाट दोन गुणांनी बंद. मी टीव्हीसमोर बसून मनातल्या मनात ते पिस्तूल उघडत होतो. लोक म्हणाले, दुसरं पिस्तूल का नाही घेतलं? ज्या मुठीत हात वर्षानुवर्षं बसला, ज्या ट्रिगरचं वजन बोटाने पाठ केलं, ते दुसऱ्या पिस्तुलात पाच मिनिटांत उतरत नाही. पुढे २०२४ ला पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदकं आणली, तेव्हा मला त्या लिव्हरचीच आठवण झाली.

आमच्या इथे विवेकानंद आश्रमाच्या जन्मोत्सवात लाखोंची पंगत बसते आणि ट्रॅक्टरमधून पुरी-भाजी वाढतात. माझा पुतण्या ट्रॅक्टर घेऊन जातो. आदल्या रात्री तो फॅन बेल्ट, फिल्टर, होज बघतो, एक बेल्ट सीटखाली टाकतो. "दुसरं ट्रॅक्टर मिळत नाही का रे?" विचारलं तर म्हणाला, "मिळंन, पण पंगतीच्या मधात कोठून आणू काका?"

९. घरी दुरुस्ती करू नका, मलाही करायला सांगू नका.

आमच्या भागात परवान्याची .३२ ची पिस्तुलं असलेली मंडळी आहेत. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा होतात, परत आली की कुणीतरी माझ्या दारात. "हवालदार, जरा बघून द्या ना." १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि तो माझ्याकडे नाही. मी चहा देतो आणि परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जायला सांगतो. काही जण रागावतात. एकाने लेथवाल्याकडून स्प्रिंग वळवून घेतली होती. दिसायला हुबेहूब, पण उष्णतेची प्रक्रिया न झालेलं लोखंड. थोड्याच राउंडांत ती बसली आणि फायरिंग पिन पुढेच अडकून राहिली. कुणाला इजा झाली नाही. तो आता येतो तेव्हा रागावत नाही.

१०. वही.

मागच्या महिन्यात पळणाऱ्या पोरांतली एक मुलगी घरी आली. पुण्याला नेमबाजी शिकते, सुट्टीत इकडे येते. ग्लॉक का ब्राऊनिंग, असं तिने विचारलं नाही. तिने वही काढली. तारीख, किती शॉट, कधी सील बदललं, कुठे अडकलं. एका पानावर लाल शाईने लिहिलं होतं: "आज आवाज वेगळा आला." मी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली.