पेल्यांची उतरंड : बालकांसाठी एक पाठ

बालकांच्या खेळास पुष्कळ वडील मंडळी केवळ वेळ घालविण्याचे साधन समजतात. तो समज किती अपुरा आहे, हे एका साध्या खेळावरून दाखविण्याचा आमचा हेतू आहे.

उतरंड हा शब्द आपणांस परका नाही. मोठे मडके तळाशी, त्यावर त्याहून लहान, अशी रचना पूर्वी घरोघरी असे व तीत धान्ये, कडधान्ये साठविली जात. लगोरीच्या खेळातही सपाट दगडांची चळत रचावयाची, चेंडूने पाडावयाची व गडी बाद होण्यापूर्वी पुन्हा उभारावयाची असते. या खेळास हिंदीत पिट्टू वा सतोलिया म्हणतात. मराठी, हिंदी, निमाडी व कोरकू बोलणारी मुले आपल्या खकनार परिसरात एकत्र नांदतात; रचण्यापाडण्याच्या खेळास भाषेची अडचण पडत नाही.

१९८१ च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, ओशनसाइड येथे, वेन गोडिनेझ यांनी मुलांपुढे कागदी पेले ठेवून रचनेचा खेळ सुरू केला. पुढे त्याच्या जागतिक स्पर्धा होऊ लागल्या. त्यांत बारा पेले घेऊन तीन, सहा व दहा पेल्यांचे मनोरे घड्याळ लावून रचतात आणि उतरवितात. पेले एकमेकांत रुतू नयेत म्हणून त्यांच्या बुडास छिद्रे असतात, त्यांतून हवा खेळते. आपणही कागदी पेल्यांस दाभणाने छिद्र पाडावे. मात्र हे काम वडिलांनीच करावे.

आता पाठ पाहू. पेले उपडे ठेवावेत. तळाशी दोन, वर एक, म्हणजे तीन. तळाशी तीन ठेवल्यास सहा, चार ठेवल्यास दहा. वरचा प्रत्येक पेला खालच्या दोहोंवर सारखा टेकला पाहिजे; तो एकीकडे सरकला की गुरुत्वमध्य आधाराबाहेर जातो व रचना ढासळते. हे मुलांस सांगू नये, त्यांच्या हातांसच कळू द्यावे.

मग विचारावे : तळाशी वीस पेले ठेवल्यास एकूण किती लागतील? वीसांस एकवीसांनी गुणून निम्मे करावे. उत्तर २१० येते. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ग्रंथातील ‘लीलावती’त हीच रीत ‘संकलित’ या नावाने आहे. तळाशी दहा पेल्यांचा त्रिकोण मांडून त्यावर सहा, तीन व एक असे थर चढविल्यास वीस पेले लागतात. अशा बेरजांच्या बेरजेचीही रीत तेथे दिली आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याचा शिलालेख आपल्या शेजारच्या खानदेशात, चाळीसगावजवळील पाटण येथील भवानीमंदिरात आहे. मंदिराच्या आवारात गणित शिकविणे ही नवी गोष्ट नव्हे.

आणखी एका गोष्टीकडे पालकांचे लक्ष वेधणे अवश्य आहे. दहीहंडीच्या थरांवर सर्वांत वर लहान मूल चढविण्याची चाल पडली, कारण त्याचे वजन कमी. पण पडल्यास सर्वांत उंचावरून तेच पडते. १४ वर्षांखालील बालकांस थरांत घेतले जाणार नाही, अशी हमी महाराष्ट्र शासनाने २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात दिली. आपण मध्य प्रदेशात राहतो. तरी बालकांची हाडे राज्याची सीमा पाहून मोडत नाहीत. म्हणून आमची विनंती आहे, की गोकुळाष्टमीस बालकांस मनोऱ्याचा कळस न करता मनोरा रचणारे करावे. सभामंडपात चटई अंथरून दहा-दहा पेले द्यावेत व एकाने एक पेला ठेवला की दुसऱ्याने ठेवावा, असा नियम करावा. घाई करणाऱ्यास रचना स्वतःच थांबविते.

पेल्यांचा मनोरा कोसळला तर कोणास इजा होत नाही, आणि मूल हसत पुन्हा तळापासून आरंभ करते. पडलेले पुन्हा रचण्याचा हा अभ्यास बालपणीच होणे इष्ट होय.