कॉक आवळला आणि आकडा वाढला

दौंड तालुक्यातील राहू गावी, मुळा-मुठा आणि भीमा यांच्या बेटात, उसाला पाणी देणाऱ्या एका पंपाच्या प्रवाहमापकाच्या नोंदी तपासण्याचा प्रसंग मला आला, आणि उपकरण निर्दोष असूनही दफ्तर किती खोटे होऊ शकते, याचे प्रत्यंतर तेथे मिळाले. मापकातील चक्र फिरले की विजेचे स्पंद निघत; पूर्ण प्रवाहात ते सेकंदाला सुमारे ७० होते. ते टिपण्याचे काम यूएसबीने संगणकास जोडलेल्या डेटा-संग्राहक यंत्राकडे होते. परंतु जोडणाऱ्याने तार काउंटरला न लावता व्होल्टेज मोजणाऱ्या चॅनेलला लावली होती, आणि नमुने सेकंदाला ५० च घेतले जात होते.

पंपावरचा गडी म्हणाला, "सर, कॉक आवळला की पाणी वाढतंय कसं?" त्याचे निरीक्षण अचूक होते. ७० स्पंदांच्या जागी यंत्रास २० दिसत. प्रवाह ५० स्पंदांवर उतरला की पडद्यावर शून्य उमटे. आणि आणखी आवळून तो ३० वर आणला की पुन्हा २०! याचे कारण नमुन्यांचा अपुरा वेग. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये सिद्धतेसह मांडलेला दंडक असा, की संकेतातील कमाल वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घ्यावेत. त्यातही स्पंद अरुंद असेल, तर दुप्पट वेगही अपुराच. दोन नमुन्यांच्या फटीतून तो बेलाशक निसटतो.

काउंटर मात्र प्रत्येक स्पंद त्याच्या कडेवरून स्वतःच मोजतो. संगणकाने आकडा सवडीने विचारला तरी हिशेब चुकत नाही. मात्र काउंटर किती बिटांचा आहे, याची खातरजमा आधी करावी: १६ बिटांचा काउंटर ६५,५३५ नंतर शून्यावर येतो, म्हणजे ७० स्पंदांच्या गतीने सुमारे सोळा मिनिटांत, ३२ बिटांचा जवळजवळ दोन वर्षे पुरतो. मापकात रीड स्विच असल्यास त्याचे संपर्क थरथरतात आणि एका फेरीचे दोन-तीन स्पंद मोजले जातात, म्हणून तेथे फिल्टर हवाच.

आम्ही तार काउंटरवर घेतली, हजार लिटरची टाकी भरून आकडा पडताळला, आणि मगच नोंदवही नव्याने सुरू केली. आपल्या शेतावर असे यंत्र बसविणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की टाकीची ही पडताळणी कॉक पूर्ण उघडा असताना एकदा आणि अर्धा आवळून एकदा, अशी दोन्ही वेळा करावी.