रेशनकार्डावर नोकरीचं प्रशिक्षण मिळतं का?

प्रश्न : माझ्या मुलीनं वाचलं की अमेरिकेत सरकार ज्यांना खाण्यापिण्यासाठी मदत देतं, त्यांना नोकरी शोधायला आणि काम शिकायलाही मदत करतं. आमच्याकडं बीपीएल कार्ड आहे. आपल्याकडं असं काही आहे का? मुलगी मराठी शाळेत शिकली, यंदा बी.ए. झाली. तिला नोकरी लागली तर कार्ड जाईल असं शेजारीपाजारी म्हणतात. खरं आहे का?
— एक वाचक, ता. भालकी, जि. बिदर

उत्तर : ताई, मुलीनं वाचलं ते खरं आहे, पण त्याला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतल्या ‘स्नॅप’ योजनेत किराणा घेण्यासाठी कार्डावर पैसे जमा होतात. नोकरी शोधायला मदत आणि प्रशिक्षणही मिळतं. मात्र १९९६ च्या कायद्यानं तिथं अट घातली : धडधाकट आणि सांभाळायला लहान मूल नसलेल्या माणसानं महिन्याला ८० तास काम किंवा प्रशिक्षण केलं नाही, तर तीन वर्षांत तीनच महिने मदत. २०२५ मध्ये ही अट ६४ वर्षांपर्यंतच्या लोकांना लागू झाली.

आपल्याकडं अशी अट नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं धान्य हा हक्क झाला : प्राधान्य म्हणजे बीपीएल कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. ते घ्यायला गेल्यावर ‘काम का शोधत नाही’ असं कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये. उपाशीपोटी कुणाला काय शिकता येणार? पण आपली उणीव वेगळी आहे. धान्य अन्न खात्याकडं, प्रशिक्षण कौशल्य विकास खात्याकडं. त्यामुळं रेशन दुकानात प्रशिक्षणाची माहिती मिळत नाही. तुमचं कार्ड मात्र दोन्हीकडं चालतं, आणि हेच बहुतेक घरांना माहीत नसतं.

कार्ड कुठं उपयोगी पडतं?

पहिली योजना ‘दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना’, २०१४ पासूनची. १५ ते ३५ वयाच्या ग्रामीण गरीब तरुणांसाठी आहे. बायकांना वयाची सवलत ४५ पर्यंत. घरात बीपीएल किंवा अंत्योदय कार्ड असेल, तर तेच पात्रतेचा पुरावा ठरतं. शिकवणं फुकट, आणि शिकवणाऱ्या संस्थेवर नोकरी मिळवून देण्याची जबाबदारी असते. म्हणून नाव घालण्याआधी विचारून घ्या : मागच्या तुकडीतल्या किती जणांना काम लागलं, कुठं लागलं, पगार किती?

दुसरी सोय ‘ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था’. ही कल्पना कर्नाटकातलीच. १९८२ मध्ये धर्मस्थळाजवळच्या उजिरे गावात ती सुरू झाली आणि पुढं देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांनी अशा संस्था काढल्या. शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, दुग्धव्यवसाय असे थोड्या दिवसांचे वर्ग असतात. राहणं-जेवणं फुकट, नंतर बँकेच्या कर्जासाठीही मदत करतात. नोकरीपेक्षा स्वतःचा धंदा करायचा असेल, तर ही जागा चांगली.

मुलगी पदवीधर आहे, म्हणून राज्य सरकारच्या ‘युवा निधी’ योजनेचीही चौकशी करा. पास होऊन सहा महिने झाले आणि नोकरी नसेल, तर पदवीधराला महिना ३,००० आणि डिप्लोमावाल्याला १,५०० रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षं. अर्ज ‘सेवा सिंधू’ या सरकारी पोर्टलवर. पुढचं शिक्षण चालू असेल तर मात्र हे मिळत नाही.

सरकारी नोकरीसाठी आपल्या भागाला मोठा आधार आहे तो संविधानातल्या कलम ३७१(जे)चा. बिदर, कलबुर्गीसह कल्याण कर्नाटकातल्या विभागीय जागांत स्थानिकांना ‘क’ गटात ८० टक्के आणि ‘ड’ गटात ८५ टक्के आरक्षण आहे. हा हक्क तुम्ही कुठले यावर ठरतो, घरात कुठली भाषा बोलता यावर नाही. औराद, बसवकल्याण, आळंदच्या मराठी घरांनी हे पक्कं लक्षात ठेवावं आणि सहायक आयुक्तांकडून पात्रतेचं प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवावं. भरतीला कन्नड यावंच लागतं, म्हणून मुलीनं आजपासून रोज कन्नड वाचावं, लिहावं. दुकानापासून दवाखान्यापर्यंत कुठल्याही कामात त्याचा उपयोगच होईल.

बिदर किंवा कलबुर्गीला वर्गाला जायचं भाडं हा अडथळा असतो. ‘शक्ती’ योजनेमुळं जून २०२३ पासून राज्यातल्या साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट पडत नाही. त्याचा फायदा घ्या.

कार्ड जाईल का?

भीती अगदीच खोटी नाही. कर्नाटकात बीपीएल कार्डासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख २० हजार आहे, म्हणजे महिना १० हजार. मुलीला १२ हजारांची नोकरी लागली, तरी वर्षाचे १ लाख ४४ हजार होतात. नुसत्या प्रशिक्षणानं किंवा नोकरीच्या शोधानं मात्र कार्ड जात नाही. आणि पुढं कार्ड एपीएल झालं, तरी राज्याच्या ‘गृहलक्ष्मी’ योजनेचे महिना २,००० रुपये त्यामुळं बंद होत नाहीत, एपीएल कार्डातल्या कुटुंबप्रमुख बाईलाही ते मिळतात, फक्त ती किंवा नवरा आयकर भरणारे नसावेत.

नोकरी पुण्याला किंवा हैदराबादला लागली, तर कार्ड असेपर्यंत मुलगी केंद्राचं धान्य तिथल्या रेशन दुकानात घेऊ शकते आणि घरचे आपला वाटा भालकीत. ‘अन्नभाग्य’ योजनेतला राज्याचा जादा वाटा मात्र परराज्यात मिळत नाही.

माझं स्पष्ट मत आहे : पहिल्या पगाराबरोबर ताटातलं धान्य कमी होणं हा अन्याय आहे. नवी नोकरी टिकेल की नाही, याची खात्री कुणालाच नसते. म्हणून घरात पहिली नोकरी लागल्यावर निदान दोन वर्षं कार्डाला हात लावू नये, असा नियम सरकारनं करायला हवा.

तोवर दोन कामं करा. कार्ड, आधार, गुणपत्रिका आणि बँक पासबुक घेऊन तालुका पंचायतीत ‘संजीवनी’ या राज्याच्या ग्रामीण उपजीविका अभियानाच्या कर्मचाऱ्यांना भेटा, पुढचा वर्ग कधी, ते तारखेसह लिहून घ्या. आणि येत्या ग्रामसभेत मागणी करा की रेशन दुकानाच्या ज्या फळ्यावर साठा लिहितात, त्यावरच प्रशिक्षणाच्या तारखाही लिहाव्यात, कन्नडमध्ये आणि मराठीतही. खडूच्या चार ओळींना वेगळा निधी लागत नाही.