विकलेल्या टनामागे किती युनिट?

अगं, त्या गिऱ्हाइकाच्या फॉर्मला एवढं काय घाबरतेस? वीज किती, पाणी किती, कचरा किती, कार्बन किती, असले रकाने बघून तुझ्या पोटात गोळा आला, हे तुझ्या आवाजावरूनच कळलं मला. तो काही तुझ्यावर संशय घेऊन पाठवलेला नाही. सेबीने 2022-23पासून पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केलाय. आता या कंपन्या आपल्या पुरवठादारांना तेच विचारायला लागल्यात, म्हणजे तुझ्यामाझ्यासारख्या फाउंड्रीवाल्यांना. फॉर्म भरायला कन्सल्टंटला पैसे मोजू नकोस. निम्मी उत्तरं महावितरणच्या बिलात आहेत आणि बरीचशी स्क्रॅपच्या रजिस्टरात. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी जाहीर करतं. बिलातल्या युनिटला त्याने गुणलंस की विजेचा रकाना भरला.

मला बोलायचंय ते वेगळंच. मामंजींनी कारखाना तुझ्या हातात दिल्यापासून तू रोज संध्याकाळी विचारतेस, "आज किती टन वितळलं?" हा प्रश्न विचारणं सोड. वितळलेल्या टनाचे पैसे कोण देतं गं? समज, टनभर लोखंड वितळायला 600 युनिट लागली. रनर-रायझर जाऊन त्यातलं कास्टिंग बनतं 60 टक्के. म्हणजे टनभर कास्टिंगला हजार युनिट झाली. त्यातलं आठ टक्के रिजेक्ट झालं, तर विकलेल्या टनामागे 1087 पडली. रिजेक्शन चार टक्क्यांवर आणलंस तर 1042. महिन्याला शंभर टन माल जात असेल तर साडेचार हजार युनिट वाचली, तीही एकही नवं मशीन न घेता. मजुरी, वाळू, फेटलिंग मी अजून धरलेलंच नाही. गिऱ्हाइकाला जो आकडा हवाय तोच तुझा नफा खातोय, म्हणून फळ्यावर रोज तो एकच लिही, विकलेल्या टनामागे किती युनिट.

आणि बक्षीस साच्यांच्या संख्येवर लावू नकोस. मोल्डर बिचारा चार पैशांसाठी घाई करतो, वाळूतला ओलावा बघायला कोणी थांबत नाही, आणि ब्लोहोल निघतात ते मशिनिंगला गेल्यावर, गिऱ्हाइकाच्या दारात. बक्षीस द्यायचं ते पास झालेल्या मालावर दे. रिजेक्शन पॅटर्नवार लिहून काढ. बहुतेक ठिकाणी घोळ मोजक्याच पॅटर्नचा असतो आणि शिव्या मात्र सगळ्या शॉपला बसतात.

उंटावरून शेळ्या हाकू नकोस, खाली शॉपवर जा. सुट्टीच्या दिवशी सगळं बंद असताना नुसता कॉम्प्रेसर चालू कर आणि कान दे. जिथे फुसफुस ऐकू येईल तिथे साबणाचं पाणी लाव, फुगे सांगतील. सात बार दाबाला तीन मिलिमीटरचं एक भोक साधारण तीन किलोवॅट खातं. दोन पाळ्या, तीनशे दिवस धर, वर्षाची चौदा हजारांवर युनिट नुसत्या हवेत. मग भट्टीपाशी उभी राहा. मेटल तयार आहे पण साचे तयार नाहीत, झाकण उघडं, आणि सगळे एकमेकांकडे बघतायत, असं दिवसात कितीदा होतं ते तुझं तूच लिही. सुपरवायझरला विचारलंस तर "कधीतरी होतंय की" म्हणेल.

फेटलिंगकडे तर आधी बघ. ग्राइंडरवर बसलेला पोरगा तोंडाला गमछा बांधून काम करतो आणि त्याला वाटतं, भागलं. सिलिकाची बारीक धूळ गमछ्याला दाद देत नाही. सिलिकोसिस बरा होत नाही बाई. चांगले मास्क आण, धूळ ओढणारी यंत्रणा नीट चालते का बघ, पोरांच्या छातीची तपासणी करून घे. फॉर्ममध्ये याला एकच रकाना असेल, पण माझ्या मते खर्चात हा पहिला नंबर.

आता पैशाचं. उद्यम नोंदणीचा नंबर प्रत्येक बिलावर छापतेस ना? सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसला तर 15. 1 एप्रिल 2024पासून आयकराचाही चाप बसलाय. मुदत टळली तर गिऱ्हाइकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येतो. कायद्यात बँक दराच्या तिप्पट व्याजही आहे, पण ते मागून चालतं गिऱ्हाईक तोडू नकोस. मार्च अखेरच्या आधी थकीत बिलांची यादी गोडीत पाठव, पुढचं त्यांचा सीए बघेल.

उद्यमवर मालक म्हणून तुझंच नाव आहे ना, तेही बघून घे. महिलांच्या उद्योगांना दर्जाच्या झेड (ZED) सर्टिफिकेशनची फी पूर्ण माफ केलीय सरकारने. आपल्याकडे बायकोचं नाव कागदापुरतं लावणारे काय कमी आहेत? तू तर खरोखर कारखाना चालवतेस, मग हक्काने घे.

राहिलं सोलर. भावोजींना घाई झालीय, ठाऊक आहे मला. पण गळती, झाकण आणि रिजेक्शन ताळ्यावर आल्यावर तुझी वीज किती उरते ते आधी बघ, नाहीतर वाया जाणाऱ्या विजेसाठीही पॅनेल विकत घेशील. कोटेशनवर सही करायच्या आधी मला व्हॉट्सॲपवर पाठव, आणि सोबत गेल्या बारा महिन्यांची बिलं.