नेमस्पेस केली, तरी आकडे का चुकतात?

प्रश्न : टीसीएलमध्ये दोन फाइल्स एकत्र चालवल्या, की एकीतली ‘सुरू’ ही प्रोसिजर दुसरीतलीला पुसून टाकते. नेमस्पेस वापरून ते थांबलं, पण ‘मोजणी’ या व्हेरिएबलचे आकडे अजूनही भलतेच येतात. असं का?

उत्तर : प्रोसिजरचं तुम्ही बरोबर केलंत. त्याच नावाची दुसरी प्रोसिजर आली, की टीसीएल चकार शब्द न काढता जुनी फेकून देतं. 8.0 आवृत्तीपासून नेमस्पेस आल्या, तेव्हापासून ‘बिल::सुरू’ आणि ‘साठा::सुरू’ सुखाने नांदतात.

व्हेरिएबलची गोम वेगळी. ‘नेमस्पेस इव्हॅल’मध्ये नुसतं ‘सेट मोजणी 0’ लिहिलंत आणि त्याच नावाचं ग्लोबल व्हेरिएबल आधीच असलं, तर 8च्या मालिकेत शून्य जातं ते ग्लोबलमध्ये! तुमचं बहुधा इथेच बिघडतंय. तिथे ‘व्हेरिएबल मोजणी 0’ लिहा. प्रोसिजरच्या आतही ‘व्हेरिएबल मोजणी’ ही ओळ हवीच. नाहीतर प्रोसिजर संपताच नाहीसं होणारं लोकल व्हेरिएबल तयार होतं. आत मात्र 0 नको, दर वेळी मोजणी शून्यावर येईल.

‘नेमस्पेस इम्पोर्ट’ने प्रोसिजर येतात, व्हेरिएबल नाहीत. माझं मत विचाराल, तर इम्पोर्टच्या फंदात न पडता पूर्ण नावच लिहा.