धनंजयराव गाडगीळ

पुण्याहून तालुक्याच्या गावी जावयाचे असले, की आज उतारू वेळापत्रक पाहतो आणि एस.टी.च्या स्थानकावर जाऊन उभा राहतो. सुमारे नव्वद वर्षांपूर्वी त्याला ही सोय नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी खेड्यापाड्यांकडे धावू लागल्या होत्या खऱ्या. परंतु त्या खाजगी मालकांच्या असत आणि पुष्कळ मालकांजवळ एखाददुसरीच गाडी असे. गाडी भरली म्हणजे सुटावयाची. उतारू मिळविण्यासाठी मालकामालकांत चढाओढ लागे. आगगाडीवाले तक्रार करीत, की या मोटारी आमचे उतारू पळवितात. मोटारवाले म्हणत, की आमचे पोट यावरच चालते. मते सर्वांजवळ होती. परंतु एका गाडीला तेल, टायर आणि दुरुस्ती यांसाठी किती खर्च येतो, आणि मालकाच्या पदरात शेवटी काय पडते, हे नीट मोजलेले फारसे कोठे आढळत नव्हते.

हे मोजण्याचे काम पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने अंगावर घेतले. मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटार-वाहतुकीची तिची पाहणी १९३५ साली प्रसिद्ध झाली. ती लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होते संस्थेचे संचालक प्राध्यापक धनंजय रामचंद्र गाडगीळ.

धनंजयरावांचा जन्म १९०१ साली नाशिक येथे झाला. शालेय शिक्षण नागपुरास झाल्यावर ते केंब्रिज येथे गेले. तेथे लिहिलेला त्यांचा प्रबंध, भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीचा इतिहास, १९२४ साली ग्रंथरूपाने निघाला. त्या वेळी लेखकाचे वय अवघे तेवीस होते! जुने कारागीर का बुडाले, हा त्यातील एक मोठा प्रश्न. परदेशी मालाने त्यांना बुडविले, हे उत्तर तेव्हा सर्वांच्या तोंडी होते. ते खोटे नव्हते. लोहमार्गाने गिरणीचे कापड खरोखरच दूरच्या बाजारांत पोचविले. परंतु धनंजयराव तेवढ्यावर थांबले नाहीत. राजेरजवाड्यांचे दरबार मोडले, तेव्हा उंची वस्त्रांचे आणि शस्त्रांचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले होते. उरलेल्या वरच्या वर्गाची आवडही पालटली होती. एका घटनेस अनेक कारणे असतात, आणि ती एकेक करून तपासावी लागतात, ही त्यांची सवय तेव्हापासूनची.

काही वर्षे सुरत येथे प्राचार्यपद भूषवून ते १९३० साली नव्यानेच निघालेल्या गोखले संस्थेत आले आणि १९६६ पर्यंत तेथेच राहिले. पुण्याच्या फळबाजारापासून शहरातील कुटुंबांच्या मिळकतीपर्यंत अनेक गोष्टींच्या पाहण्या त्यांनी केल्या. १९४५ साली, स्वातंत्र्य दाराशी आले असता, त्यांनी भारताचे संघराज्य कसे घडवावे यावर पुस्तक लिहिले. १९५९ साली भारतातील आधुनिक व्यापारी वर्गाचा उगम शोधताना ते पुन्हा इतिहासाकडे वळले.

गोदावरी व प्रवरा कालव्यांमुळे शेतकऱ्यांस काय लाभ झाला, याचीही त्यांनी गावोगाव पाहणी करविली होती. पुढे त्याच प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष झाले ते धनंजयराव. पंडिताने कारखाना चालविण्याच्या भानगडीत पडू नये, असे पुष्कळांस वाटते. ते काही या गृहस्थांनी मानले नाही.

१९६७ साली ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांच्या योजनांना केंद्र सरकार जे साहाय्य देई, ते तोवर बहुतांशी एकेका योजनेवर अवलंबून असे, आणि कोणास किती मिळावे यावर तंटे होत. धनंजयरावांच्या सूत्रानुसार १९६९ पासून वाटपाला नियम आला. आसाम, नागालँड व जम्मू-काश्मीर यांची गरज प्रथम बाजूला काढावयाची. मग, समजा, १०० रुपये उरले. त्यांपैकी ६० लोकसंख्येप्रमाणे वाटावयाचे. १० रुपये ज्या राज्यांचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी आहे त्यांना. १० कर गोळा करण्यात कोण किती झटतो ते पाहून. १० चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी. आणि १० दुष्काळासारख्या विशेष अडचणींसाठी.

यावर टीका झाली. गरिबीकरिता शंभरातील दहाच का, असे मागासलेली राज्ये विचारीत. तो आक्षेप बिनबुडाचा नव्हता. १९८० साली तो भाग दुप्पट करण्यात आला. परंतु मुख्य गोष्ट अशी, की आपल्या वाट्यास काय येणार, हे प्रत्येक राज्यास आता स्वतः हिशेब करून पाहता येऊ लागले. नियोजन मंडळ २०१५ च्या आरंभी इतिहासजमा झाले. तरी 'गाडगीळ सूत्र' हे नाव अर्थशास्त्राच्या पुस्तकांत टिकून आहे.

मोटारींच्या त्या गोंधळाचे पुढे काय झाले? १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्यास पहिली सरकारी एस.टी. निघाली. ठरलेली वेळ, ठरलेले भाडे. याचे श्रेय एका अहवालास देणे योग्य होणार नाही. त्यामागे कायदे होते, अनेकांचे श्रम होते.

धनंजयरावांनी १९७१ साली दिल्लीतील पद सोडले आणि ते पुण्याकडे निघाले. ३ मे रोजी आगगाडीच्या त्या प्रवासातच त्यांचे निधन झाले.