सहलीची आखणी

सोलापूरच्या दक्षिणेस सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर विजापूर हे इतिहासप्रसिद्ध नगर वसलेले आहे. वाटेत भीमा नदी लागते व ती ओलांडली की कर्नाटक राज्य सुरू होते. २०१४ पासून या नगराचे अधिकृत नाव विजयपूर असे झाले असले, तरी मराठी माणसांच्या तोंडी अद्याप विजापूर हेच नाव आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून १६८६ पर्यंत हे नगर आदिलशाहीची राजधानी होते. शहाजीराजे भोसले याच दरबारी होते; आणि १६५९ मध्ये अफझलखान स्वराज्यावर चालून आला, तोही याच दरबाराच्या आज्ञेने. म्हणून सोलापुरातील एका शाळेच्या सातव्या इयत्तेत गुरुजींनी जेव्हा सांगितले, "यंदाची सहल विजापूरला जाईल," तेव्हा मुलांना अतिशय आनंद झाला.

"परंतु एक अट आहे," गुरुजी पुढे म्हणाले. "सहलीची आखणी तुम्ही करावयाची. आपल्या हाती एकच दिवस आहे. पहाटे साडेपाचला गाडी निघेल, आठ वाजता आपण विजापुरात पोहोचू आणि सायंकाळी पाचला परत फिरू. या नऊ तासांत काय पाहावयाचे ते ठरवा."

मुले उत्साहाने कामास लागली. कोणी ग्रंथालयातून पुस्तके आणली, कोणी नकाशा मिळविला, कोणी घरच्या वडील माणसांना विचारले. चार दिवसांनी फळ्यावर पंधरा ठिकाणांची यादी तयार झाली. गोल घुमट, जुम्मा मशीद, बारा कमान, मुलुखमैदान तोफ, इब्राहिम रोजा, गगनमहाल, असर महाल, उपली बुरूज, ताज बावडी अशी एकाहून एक नावे तीत होती. वर्गनायकाने मोठ्या अभिमानाने ती गुरुजींना दाखविली.

गुरुजींनी यादी वाचली व खडू त्याच्याच हाती दिला. "आता थोडे गणित करू. नऊ तासांची मिनिटे किती?"

"पाचशे चाळीस."

"त्यांतून भोजनाचा व विश्रांतीचा एक तास वजा कर. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यास निदान दहा मिनिटे लागतील. पंधरा ठिकाणांसाठी असे चौदा टप्पे होतील."

वर्गनायकाने हिशेब केला. तीनशे चाळीस मिनिटे उरली. त्यांना पंधरांनी भागल्यावर प्रत्येक ठिकाणाच्या वाट्यास तेवीस मिनिटेसुद्धा येईनात.

"गोल घुमटाच्या सज्जापर्यंत जावयाचे म्हणजे सात मजले चढावे लागतात," गुरुजी म्हणाले. "तेवीस मिनिटांत चढावयाचे, पाहावयाचे आणि उतरावयाचे! असे केल्यास आपण विजापूर पाहून येऊ की नुसते धावून येऊ?"

वर्गात हशा पिकला; पण यादी कमी केली पाहिजे हे सर्वांस पटले. मग कोणते ठिकाण ठेवावे आणि कोणते गाळावे? गुरुजींनी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. या ठिकाणी असे काय आहे, जे इतरत्र पाहावयास मिळत नाही? त्यापासून आपणांस कोणती नवी गोष्ट कळेल? आणि वर्गातील प्रत्येकाला तेथपर्यंत पोहोचता येईल काय?

पहिल्या दोन प्रश्नांच्या कसोटीवर एकेक नाव घासून पाहण्यात आले. गोल घुमटाबद्दल मतभेद नव्हता. १६५६ मध्ये निधन पावलेल्या मुहम्मद आदिलशहाची ही कबर. तिच्या घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे चव्वेचाळीस मीटर आहे. तरी आतील विस्तीर्ण दालनात त्याला आधार देणारा एकही खांब नाही. भिंतींवरून उठलेल्या व एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींनी त्याचा भार पेलून धरला आहे.

बारा कमानीचे नाव एका मुलीने लावून धरले. "ही दुसऱ्या अली आदिलशहाची अपुरी राहिलेली कबर आहे. अफझलखानाची स्वारी झाली ती याच सुलतानाच्या कारकिर्दीत. शिवाय पुऱ्या इमारतीत भिंतींनी झाकले जाते, ते अपुऱ्या इमारतीत उघडे दिसते. कमानी कशा रचीत, हे तेथेच नीट समजेल."

मुलुखमैदान तोफेची बाजू वर्गनायकाने मांडली. "ज्याचा आवाज मोठा, त्या वक्त्याला आपण मुलुखमैदान तोफ म्हणतो. ती खरी तोफ पाहावयास नको का?" सुमारे पंचावन्न टन वजनाची ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरास ओतलेली, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास. तेथून ती परंड्याच्या किल्ल्यात गेली आणि १६३२ मध्ये विजापुरास आली. तिच्या तोंडाशी हत्तीला गिळणाऱ्या सिंहाचा जबडा कोरलेला आहे. १८५४ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी ती निरुपयोगी म्हणून विकावयास काढली, तेव्हा अवघ्या दीडशे रुपयांची बोली आली होती! एका अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून तो लिलाव रद्द झाला, म्हणूनच ती आज जागेवर आहे.

इब्राहिम रोजा ही दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर. हा सुलतान संगीताचा मोठा भोक्ता होता. त्याने दखनी भाषेत 'किताब-ए-नौरस' नावाचा गीतसंग्रह रचला आणि त्यात सरस्वतीला वंदन केले. त्याच्या कबरीच्या खिडक्यांत दगड कोरून अक्षरांच्या जाळ्या केलेल्या आहेत. पहिल्या अली आदिलशहाने आरंभिलेली विशाल जुम्मा मशीदही यादीत राहिली.

अशी पाच ठिकाणे ठरली. सहावी होती ताज बावडी. मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाने तिचा फार आग्रह धरला होता. १६२० च्या सुमारास बांधलेल्या या विहिरीच्या प्रवेशद्वारावर एक भव्य कमान आहे. पुस्तकातील चित्रावरून त्याने ती आपल्या वहीत काढून ठेवली होती. "एवढ्या मोठ्या शहराला पाणी कोठून मिळत होते, हे कळावयास नको का?" हा त्याचा प्रश्न बिनतोड होता. त्यामुळे सहा ठिकाणे ठरली व सर्वांना समाधान वाटले.

तेवढ्यात खिडकीजवळ बसलेली एक मुलगी उभी राहिली. दोन महिन्यांपूर्वी तिचा पाय मोडला होता. डॉक्टरांनी तिला हिंडण्याफिरण्यास परवानगी दिली होती. परंतु अजून ती काठी घेऊन सावकाश चालत असे. ती म्हणाली, "गुरुजी, मी गोल घुमटाच्या खालीच थांबेन. माझ्यामुळे सर्वांचा वेळ जाईल."

वर्ग एकदम शांत झाला. फळ्यावरचा तिसरा प्रश्न सर्वजण विसरूनच गेले होते.

"तुला वर यावेसे वाटते का?" गुरुजींनी विचारले.

"वाटते. प्रत्येक मजल्यावर थोडी बसत गेले, तर मला चढता येईल. पण वेळ फार लागेल."

वर्गनायकाने पुन्हा खडू हाती घेतला. चढताना व उतरताना मिळून पाऊण तास अधिक धरावा लागेल, असा त्याने अंदाज केला. पाऊण तास आणावयाचा कोठून? कोणीच काही बोलेना. थोड्या वेळाने मागच्या बाकावरचा मुलगा उठला, फळ्याजवळ गेला आणि त्याने स्वतःच्या हाताने 'ताज बावडी' ही अक्षरे पुसली. "विहीर कोठे पळून जात नाही," एवढेच बोलून तो जागेवर येऊन बसला.

आता क्रम लावणे उरले होते. नकाशा उलगडल्यावर असे दिसले, की गोल घुमट नगराच्या पूर्वेस, तर इब्राहिम रोजा पश्चिमेस तटाबाहेर आहे. बाकीची ठिकाणे या दोहोंच्या दरम्यान येतात. तेव्हा पूर्वेकडून पश्चिमेकडे जावे, म्हणजे त्याच रस्त्याने मागे फिरावे लागणार नाही. गोल घुमट पहिला घेण्यास आणखी एक कारण होते. घुमटाच्या आतील सज्जात एका बाजूस केलेली कुजबूज समोरच्या बाजूस ऐकू येते. पण गर्दी होऊन आरडाओरडा सुरू झाला, की हा चमत्कार अनुभवता येत नाही. जे शांततेत पाहावयाचे, ते सकाळी पाहिलेच पाहिजे. समोरच्या नगारखान्यातील संग्रहालय मागाहून पाहिले तरी चालेल. मात्र ते शुक्रवारी बंद असते आणि त्याच दिवशी जुम्मा मशिदीत मोठी नमाज असते. म्हणून सहलीसाठी शनिवार ठरला.

शेवटी कामांची वाटणी झाली. पंधरा वर्षांखालील मुलांना या स्मारकांत प्रवेशमूल्य नसते. मात्र वयाचा दाखला जवळ असावा, म्हणून एकाने सर्वांची ओळखपत्रे गोळा करावयाची. ज्यांच्या घरी कानडी बोलतात, त्यांनी पाट्या वाचावयाच्या व वाट विचारावयाची. भाकरी व शेंगांची चटणी प्रत्येकाने आणावयाची. पाणी आणि औषधांची पेटी गाडीत ठेवावयाची.

ठरल्या दिवशी गाडी आठच्या सुमारास गोल घुमटापाशी पोहोचली. जिना अरुंद व पायऱ्या उंच होत्या. मुलांनी दोन दोनच्या गटांनी चढावयाचे ठरविले. प्रत्येक मजल्यावर ती मुलगी क्षणभर बसे आणि तिच्या सोबतचे खिडकीतून खालचे नगर न्याहाळीत. घाईने पुढे गेलेल्यांपेक्षा त्यांनाच नगराची रचना अधिक समजली. सज्जात पोहोचल्यावर ती भिंतीशी तोंड नेऊन हलकेच म्हणाली, "पोहोचले बरे का मी!" सुमारे अडतीस मीटर दूर, समोरच्या भिंतीशी कान लावून बसलेल्या मागच्या बाकावरील मुलाला ते शब्द स्पष्ट ऐकू आले.

आखणीत चुकाही झाल्या. बारा कमानीवर छत नाही, याचा विचार कोणी केला नव्हता. भर दुपारी तेथे सर्वांना ऊन लागले. इब्राहिम रोजाच्या जाळ्या वहीत उतरवून घेण्यास वेळ अपुरा पडला.

सोमवारी मुलांनी आखणीचा कागद पुन्हा काढला, त्यातील चुका दुरुस्त केल्या आणि पुढील वर्षी सातवीत येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तो कपाटात जपून ठेवला. कागदाच्या शेवटी 'राहिलेली ठिकाणे' असा मथळा घालून दहा नावे लिहिली होती. त्यांत पहिले नाव होते ताज बावडीचे, आणि त्यापुढे वहीतील ते चित्र चिकटविलेले होते.

स्वाध्याय

१. पंधरा ठिकाणांची यादी कमी करण्याची आवश्यकता का वाटली?
२. गुरुजींनी फळ्यावर लिहिलेले तीन प्रश्न कोणते? त्यांपैकी कोणता प्रश्न मुले विसरली?
३. गोल घुमट सकाळी पाहण्याचे का ठरले?
४. 'मुलुखमैदान तोफ' या शब्दप्रयोगाचा वाक्यात उपयोग करा.
५. तुमच्या गावाजवळील एखाद्या ऐतिहासिक स्थळाच्या एका दिवसाच्या सहलीची आखणी करा. कोणती ठिकाणे गाळलीत व का, तेही लिहा.